आधी चित्र, मग ओळख

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवंगतांचे चेहरे आपल्याला दिसतात आणि ते पाहून आपण चित्र काढतो, असं सांगणाऱ्या माध्यम-चित्रकारांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखात नातेवाइकांचे अश्रू आहेत, कोऱ्या कागदावर हळूहळू उमटत गेलेला चेहरा आहे आणि शेवटी ‘विज्ञानाकडे याचं उत्तर नाही’ असं एक वाक्य आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळे हे पत्र लिहिते आहे. मी व्यक्तिचित्रकार आहे. माझ्याकडे येणारी बरीचशी कामं गेलेल्या माणसांच्या चित्रांचीच असतात. कधी चांगला फोटो मिळतो, कधी अर्ध्या चेहऱ्यावर सावली पडलेला, कधी समूहचित्राच्या मागच्या रांगेतलं नखाएवढं डोकं. चित्रातला चेहरा ओळखला जातो तेव्हा नेमकं काय घडतं, हे मी कामात सतत पाहत असते. लेखात सुटला आहे तो नेमका हाच भाग.

माझ्या कामाची पद्धत थोडी सांगते. कोळशाने काम करताना मी सुरुवातीला डोळे, नाक, ओठ काढतच नाही. आधी डोक्याचा आकार, मग डोळ्यांच्या खोबणींतला अंधार, नाकाखालची सावली, दोन ओठांमधली रेघ, हनुवटीखालचा काळोख. एवढं झालं की कागदावर माणूस आलेला असतो, पण तो अमुक एक माणूस अजून झालेला नसतो. शेजारी बसलेली मुलगी मात्र पुष्कळदा याच टप्प्यावर म्हणते, ‘आले बाबा!’ मी विचारते, काय ओळखीचं वाटलं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: नजर. आणि कागदावर तर अजून बुबुळं नसतात, पापण्या नसतात. दोन काळे डाग असतात. त्या डागांत नजर भरली ती मुलीने, आयुष्यभर पाहिलेल्या चेहऱ्याच्या आठवणीतून.

यात तिचा भाबडेपणा नाही. माणसाचा मेंदू चेहरे शोधायला इतका उत्सुक असतो की ढगात, भिंतीवरच्या ओलीच्या डागातही त्याला डोळे-तोंड सापडतात. ओळखीच्या चेहऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. एलिस, शेफर्ड आणि डेव्हिस या ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवलं की ओळखीचा चेहरा आपण केस किंवा चेहऱ्याच्या बाह्याकारापेक्षा डोळे, नाक, तोंड या आतल्या भागावरून अधिक सहज ओळखतो. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत असा फरक दिसत नाही. ज्या माणसावर जीव आहे त्याला ओळखायला आपल्याला फार थोड्या खुणा लागतात, असा माझाही अनुभव आहे. म्हणूनच चित्र पाहून ‘हे तेच’ असं घरच्यांनी म्हणणं हा चित्राच्या अचूकपणाचा पुरावा मानताना फार सावध राहायला हवं.

त्यात म्हातारपणाचे चेहरे. माध्यम-चित्रकारांच्या चित्रांत वृद्ध माणसं जास्त असतात, ते साहजिकही आहे, कारण बहुतेकांचे आजी-आजोबा गेलेले असतात. पण वय वाढतं तसे चेहरे एकमेकांच्या जवळ येतात, हे कुणीही चित्रकार सांगेल. वरची पापणी उतरते, डोळ्यांखाली पिशव्या येतात, नाकाचा शेंडा खाली झुकतो, ओठ पातळ होतात, नाकापासून जिवणीच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल जाते. त्यावर जाड काचांचा चष्मा आणि मागे गेलेले केस काढले की ते आजोबा किती घरांत खपतील याचा विचार करा. दोनशे माणसांच्या सभागृहात प्रत्येकाचे दोन आजोबा धरले तरी चारशे चेहरे झाले. तेवढ्यांत कुणाचा तरी हात वर येणारच.

ब्रिटनमधल्या कोरल पोल्ज या बाई विसाव्या शतकातल्या फार नावाजलेल्या माध्यम-चित्रकार. लोकांसमोर जाहीर कार्यक्रमांत त्या चित्रं काढत. त्यांच्या आधी फ्रँक लीह यांचं नाव होतं. या दोघांनी कुणाला जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या मनात डोकावायचा मला अधिकार नाही. हात मात्र चांगला असणार, हे मी मान्य करते. पण अशा चित्रांच्या बाजूला छापलेला फोटो बघताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो: हा फोटो कधी निवडला? चित्र काढण्याच्या आधी की नंतर? घरातल्या अल्बममध्ये एकाच माणसाचे वेगवेगळ्या वयातले, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले, वेगवेगळ्या उजेडातले कितीतरी फोटो असतात. चित्र हातात घेऊन त्यातला सर्वांत जवळचा फोटो शोधला तर साम्य सापडतं, आणि त्यात आजोबा नाही जुळले तर आजोबांचे भाऊ असतात. जे चित्र कुणाशीच जुळत नाही ते ‘घरी जाऊन मोठ्यांना विचारा’ म्हणून हाती दिलं जातं आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणी छापत नाही. आपल्या लेखातही जुळलेलीच चित्रं आहेत. एकूण किती काढली होती?

शिवाय माध्यम-चित्रकारांच्या बैठकीत चित्र मुकाट्याने काढलं जात नाही. पेन्सिल चालू असताना बोलणंही चालू असतं. ‘वडिलांकडचे वाटतात. छातीचा काही त्रास? नाक जरा ठसठशीत दिसतंय.’ समोरचा माणूस मान हलवतो, डोळे मोठे करतो, श्वास रोखतो किंवा निर्विकार राहतो, आणि हात त्याप्रमाणे वळतो. मी स्वतः फोटो अपुरा असला की अगदी हेच करते, फक्त उघडपणे. नाक मोठं करत जाते आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघते. त्याच्या कपाळावरची आठी गेली की थांबते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून असं वाचता येतं, आणि ते वाचणाऱ्याला आपण वाचतोय याची जाणीवही नसते असं होऊ शकतं. मला वाटतं, बऱ्याच माध्यम-चित्रकारांचं तसंच होत असावं. बोलण्यातली मोघम विधानं लोक किती सहज स्वतःला लावून घेतात याचा प्रयोग बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली केला होता. त्याने ३९ विद्यार्थ्यांना त्यांचं स्वभाववर्णन म्हणून एकेक कागद दिला आणि ते किती जुळतं ते विचारलं. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. कागदावरचा मजकूर सर्वांना एकच दिला होता.

या प्रकाराला इतिहासही आहे आणि तो लेखात यायला हवा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लाखो तरुण मेले, त्याच काळात बोस्टनमध्ये विल्यम मम्लर नावाचा छायाचित्रकार लोकांच्या फोटोत मागे धूसर ‘आत्मे’ उमटवून देऊ लागला. लोकांनी त्यांत आपले मुलगे, नवरे, बहिणी ओळखल्या. मग त्यांतल्या काही ‘आत्म्यांची’ माणसं त्याच शहरात जिवंत असल्याचं उघड झालं. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला भरला, पण पुराव्याअभावी तो सुटला. माझ्या दृष्टीने खटल्यापेक्षा आधीची गोष्ट महत्त्वाची आहे. शोकात असलेल्या माणसांनी जिवंत अनोळखी चेहऱ्यात आपलं गेलेलं माणूस मनापासून ओळखलं होतं. ती खोटं बोलत नव्हती.

रंगीत चित्रांच्या बाबतीत शिकागोच्या लिझी आणि मे या बँग्ज भगिनींचं प्रकरण चित्रकाराने अभ्यासावं असं आहे. खिडकीच्या उजेडासमोर दोन कोरे कॅनव्हास एकमेकांना लावून उभे धरायचे. थोड्या वेळाने त्यांवर रंगाचे ढग फिरू लागायचे, मग चेहऱ्याची बाह्यरेषा आणि शेवटी पूर्ण व्यक्तिचित्र. हात लागलाच नाही, म्हणजे आत्म्यानेच काढलं! ओमाहाचे डेव्हिड ॲबट हे जादूचे जाणकार या कोड्याच्या मागे लागले आणि त्यांनी १९१३ साली त्याची उकल छापली. मागून उजेड येत असताना आधीच रंगवलेलं चित्र कोऱ्या कॅनव्हासच्या पाठीमागून हळूहळू जवळ आणायचं. दूर असताना नुसती छटा पडते, जवळ येईल तशी ती घट्ट होते, चिकटली की चित्र स्पष्ट. ॲबट स्वतः हा प्रयोग करून दाखवत आणि सेल्बिट या जादूगाराने तो रंगमंचावर नेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि जादू बघितल्याच्या समाधानात ते घरी गेले. तोच प्रयोग दुःखात बुडालेल्या बापासमोर झाला की त्याला दर्शन म्हणायचं? पहिल्या महायुद्धानंतरही तेच झालं. इंग्लंडमध्ये विल्यम होप आत्म्यांचे फोटो काढत असे. १९२२ साली अशा दाव्यांची तपासणी करणाऱ्या हॅरी प्राइस यांनी फोटो काढायच्या, गुप्त खूण केलेल्या काचा त्याला दिल्या. परत आलेल्या काचेवर ‘आत्मा’ होता, खूण नव्हती, म्हणजे काच बदललेली होती. एवढं होऊनही शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारखा माणूस होपच्या पाठीशी उभा राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. हात आपोआप चालतो, कुणीतरी आपल्याकडून काढून घेतं, ही भावना मला परकी नाही आणि तिची टिंगल मी कधी करणार नाही. जॉर्जियाना हॉटन या इंग्रज बाईंनी १८७१ साली लंडनमध्ये आपल्या जलरंगांचं प्रदर्शन भरवलं. ती चित्रं आपल्या हातून आत्म्यांनी काढली असं त्या सांगत. गोल गोल फिरणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या रेषा, अमूर्त चित्रकलेच्या कितीतरी आधी. स्वीडनच्या चित्रकार हिल्मा आफ क्लिंटही अशाच बैठकींतून घडल्या. ती चित्रं आज मोठ्या आदराने पाहिली जातात, आणि पाहावीतच. पण ‘ही रेषा मला कुणीतरी दिली’ म्हणणं वेगळं आणि ‘ही तुमची आई आहे’ म्हणणं वेगळं. पहिलं चित्रकाराचं स्वतःपुरतं आहे. दुसऱ्यात समोरच्या माणसाच्या आईबद्दल विधान केलेलं असतं आणि ते खरं की खोटं हे तपासता येतं.

यात नुकसान कुणाचं होतं, निदान समाधान तरी मिळतं ना, असं लेखात एकीने म्हटलं आहे. नुकसान होतं. मी ते पाहिलं आहे.

एक बाई माझ्याकडे अशा बैठकीत मिळालेलं पेस्टलचं चित्र घेऊन आल्या. ते मोठं करून तैलरंगात हवं होतं. मी सवयीने आईंचे फोटो मागितले. फोटोंत जबडा रुंद, भुवयांत चांगलं अंतर आणि डावी पापणी उजवीपेक्षा किंचित उतरलेली. चित्रात चेहरा लांबट, भुवया जवळजवळ जुळलेल्या, दोन्ही डोळे सारखे आणि हनुवटीला खळी. दोन्ही शेजारी ठेवून मी म्हटलं, आपण फोटोवरूनच करू या. त्या फोटोंकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आता यांच्यात मला आई दिसतच नाही. चित्रातली खरी वाटते.’ खळीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आईला होतीच. एकाही फोटोत ती नव्हती.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आठवण हा पक्का ठसा नसतो, नंतर ऐकलेलं-पाहिलेलं तिच्यात मिसळतं, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७० च्या दशकापासून प्रयोगांनी दाखवलं आहे. चेहऱ्याच्या आठवणीवर एक नवा, सुबक, भिंतीवर लावलेला, रोज नजरेस पडणारा चेहरा चढवला की खाली असलेला खरा चेहरा हळूहळू हाती लागेनासा होतो. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांना परतायला वाट तरी असते. त्या बाईंच्या भावाला आम्ही बोलावून घेतलं. आधी काहीही न सांगता मी त्याला फक्त आईंबद्दल बोलायला सांगितलं. तो पहिल्यांदा पापणीबद्दलच बोलला: आई दमली की ती आणखी खाली यायची, त्यावरून आम्हाला कळायचं. बाईंना ते आठवलं. त्या पापणीपासून आम्ही चित्र सुरू केलं.

याहून वाईट प्रकार लहान मुलांचा. मूल ‘तिकडे’ वाढत राहतं या समजुतीने काही माध्यम-चित्रकार जन्मतः किंवा तान्हेपणी गेलेल्या बाळाचं ‘आजच्या वयाचं’ चित्र काढून देतात. हे चित्र कशाशी ताडून बघणार? फोटो नाही, आठवण नाही, चूक दाखवणारं काहीच नाही. चित्रात आईचे डोळे आणि बापाची हनुवटी घातली की दोघंही कोसळतात, आणि त्या दोघांचे चेहरे तर चित्रकाराच्या समोरच असतात. पुन्हा पाच वर्षांनी ‘मोठं झालेलं’ चित्र. अशा आईबापांसाठी प्रामाणिकपणे काम करणारी माणसं जगात आहेत. ‘नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप’ ही २००५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था बाळ गमावणाऱ्या आईबापांना त्या बाळाचे फोटो विनामूल्य काढून देते. तो चेहरा थोडे तास का होईना, खरोखर जगात होता.

गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवणं हे वेडेपण नाही, हेही इथे सांगायला हवं. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं, आणि बऱ्याच जणांना त्याचा आधार वाटत होता. हा अनुभव ज्याचा त्याचा असतो. त्यासाठी मधे कुणी लागत नाही.

आता ‘विज्ञानाकडे उत्तर नाही’ या वाक्याकडे येते. उत्तर शोधायची पद्धत अवघड नाही. दिवंगत सर्व एकाच लिंगाचे आणि साधारण एकाच वयाचे असतील अशी पाच घरं निवडावीत. प्रत्येक घराने एक स्पष्ट फोटो आधीच त्रयस्थाकडे बंद पाकिटात द्यावा. चित्रकाराला नाव, गाव, आवाज, चेहरा काही कळू नये, फक्त क्रमांक कळावा. हल्ली नाव कळलं की समाजमाध्यमांवर फोटो सापडायला मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून ही अट महत्त्वाची. पाच चित्रं काढून झाल्यावर प्रत्येक घराला पाचही दाखवावीत, कुठलं कुणासाठी काढलं ते न सांगता, आणि आपलं माणूस निवडायला सांगावं. नुसत्या अंदाजानेही पाचांत सरासरी एक निवड बरोबर येते, त्यामुळे पाच घरांवर न थांबता असे अनेक गट घ्यावेत. त्याबरोबर अनोळखी लोकांनाही चित्रं आणि फोटो जुळवायला द्यावेत. मात्र त्यांच्या निकालावरच भिस्त ठेवू नये. १९९९ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात अनोळखी चेहऱ्याचा फोटो दहा फोटोंतून जुळवताना लोक साधारण ७० टक्के वेळाच बरोबर आले होते, तेही चांगले फोटो असताना. तेव्हा चित्रकारावर अन्याय नको, म्हणून घरच्यांचीही निवड धरावी.

गेलेल्या माणसांचे संदेश शब्दांत सांगणाऱ्या माध्यमांची अशी चाचणी ओकीफ आणि वाइजमन या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केली आहे. पाच माध्यमं, पाच माणसं. दाव्याला आधार मिळाला नाही. अनुकूल निष्कर्ष मांडणारे संशोधकही आहेत आणि त्यांच्या पद्धतींवर वाद चालू आहे. म्हणजे प्रश्न तपासण्यापलीकडचा आहे असं दोन्ही बाजूंचं म्हणणं नाही.

ज्यांच्याकडे फोटोच नाही त्यांनी काय करावं, असं मला नेहमी विचारलं जातं. त्यांना मी सांगते, बसा आणि बोला. साक्षीदाराच्या वर्णनावरून संशयिताचं रेखाचित्र काढणारे चित्रकार हेच करतात: घाई न करता, उत्तर न सुचवता आठवू देतात. हसताना वरचे दात दिसायचे का, विचारू नये. हसताना काय व्हायचं, असं विचारावं. भावंडांना वेगवेगळं बसवावं, म्हणजे एकाची आठवण दुसऱ्यावर चढत नाही. भावंडांचे, मुलांचे चेहरे बघावेत. चित्राच्या मागे स्पष्ट लिहावं की हे अमुक अमुक माणसांच्या आठवणीवरून काढलं आहे. मी लिहिते. ते चित्र हुबेहूब नसतं, तसा माझा दावाही नसतो, पण त्यात जे काही आहे ते त्या माणसावर प्रेम करणाऱ्यांनी दिलेलं आहे.

माझी विनंती एवढीच. लेखात ज्यांची ओळख करून दिली आहे त्या चित्रकारांना वर सांगितलेल्या चाचणीबद्दल आपण विचारावं. घरं निवडणं, पाकिटं सांभाळणं हे काम कुणा तिसऱ्याकडे द्यावं, माझ्याकडेही नको. कागद, पेस्टल, बसायला उजेडाची जागा आणि हवा तेवढा वेळ त्यांना मिळेल हे मी माझ्या खर्चाने बघते. चाचणी झाली तर सगळी चित्रं छापावीत, न जुळलेली धरून. आणि त्यांनी नकार दिला तर तोही, त्यांच्या शब्दांत, त्याच पुरवणीत छापावा.

आपली,
एक व्यक्तिचित्रकार